दोन अक्षरांत डाव: मराठी टाइल-खेळात छोटे शब्द कुठे आणि कसे टाकायचे

स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाच्या धर्तीवर अक्षरांच्या मराठी टाइल मांडून खेळताना नवीन खेळाडू 'कारखाना', 'सवलत', 'हिरवळ' असले लांब शब्द जुळवत बसतो आणि पाच-सहा गुणांवर पाळी संपवतो. या खेळात गुण शब्दाच्या लांबीपेक्षा शेजारातून जास्त मिळतात. दोन-तीन टाइल आधीच्या शब्दाला खेटून लावल्या की एका पाळीत तीन-चार शब्द होतात आणि प्रत्येकाचे गुण वेगळे मोजले जातात. मात्र मराठीत याला एक खास बाजू आहे. आपला शब्द मात्रेने आणि शेपटीने बांधलेला असतो. ती शेपटी बघायला शिकलात की छोटा शब्द गुणही देतो आणि समोरच्याची वाटही अडवतो.

आधी नियम पक्के करा

छोट्या शब्दांचं बळ घरच्या नियमांवर ठरतं. पुढचं सगळं या पद्धतीला धरून आहे.

पट नेहमीचाच, 15 × 15 घरांचा. टाइल ठेवायच्या पट्टीवर प्रत्येकाच्या सात टाइल, सातही एका पाळीत लावल्या तर 50 गुण जादा. टाइलवर फक्त व्यंजन छापलेलं असतं. मात्रा आणि अनुस्वार टाइल लावताना मार्करने लिहायचा, आणि एकदा लिहिला की तो डाव संपेपर्यंत बदलायचा नाही. 'का' लिहिलं की आडव्या आणि उभ्या दोन्ही शब्दांत ते 'का'च. जोडाक्षरातल्या अर्ध्या व्यंजनाला स्वतःची टाइल आणि स्वतःचं घर, म्हणून 'रस्ता' म्हणजे र, स्, ता अशी तीन घरं. स्वरांसाठी एकच प्रकारची टाइल, तिच्यावर हवा तो स्वर लिहावा. एका टाइलचा शब्द धरायचा नाही, नाहीतर 'ये', 'जा', 'तू', 'मी' यांनी पट भरून जातो.

शंभर टाइलची ही वाटणी सुरुवातीला चांगली चालते:

र, त प्रत्येकी 7, क 6, न, ल, स, व, म प्रत्येकी 5 – गुण 1
स्वर 6 – गुण 1
प 4, य, ह, च, द, ण, ळ प्रत्येकी 3 – गुण 2
ग, ज प्रत्येकी 3, ब, ट, ड, श प्रत्येकी 2 – गुण 3
ख, भ, घ, ध, थ, झ, ठ प्रत्येकी 1 – गुण 5
फ, ढ, छ, ष प्रत्येकी 1 – गुण 8
कोऱ्या 2 (हव्या त्या अक्षरासाठी) – गुण 0

वाटणी बदलायची असेल तर स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी 1930 च्या दशकात केलं तेच करा. त्यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून टाइलची संख्या ठरवली होती. आपल्याकडच्या पेपरचं पहिलं पान घेऊन पाचशे व्यंजनं मोजली तरी अंदाज येतो.

दोन नियम डाव सुरू होण्याआधी बोलून घ्या, नाहीतर मध्यावर भांडण ठरलेलं. पहिला, 'च' आणि 'ही' जोडायचे नाहीत. 'घरच', 'घरही', 'कापूसच' चालू दिलं तर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं आणि अडवणं नावाची गोष्टच उरत नाही. दुसरा, विशेषनामं बाद. 'धुळे' आणि 'तापी' दोन-दोन टाइलमध्ये बसतात, मोह होतो, पण एकदा दार उघडलं की गावं, नद्या, माणसं सगळीच आत येतात.

एक खेळी जवळून

पहिल्या पाळीला समोरच्याने मधल्या आडव्या ओळीत, म्हणजे आठव्या ओळीत, 'कापूस' लावलं. घरं सातवं, आठवं आणि नववं. मधलं घर दुप्पट शब्दाचं, तिथून जाणाऱ्या सगळ्या शब्दाचे गुण दुप्पट होतात, म्हणून (1+2+1) × 2 = 8 गुण.

तुमच्या पट्टीवर आहेत च, र, ण, व, ल, त, ग. पहिला शब्द सुचतो तो 'स' पासून खाली 'सवलत'. व दुप्पट अक्षराच्या घरात पडतो, तिथे फक्त त्या टाइलचे गुण दुप्पट होतात, म्हणून 1+2+1+1, एकूण 5 गुण. चार अक्षरी शब्द, तीन टाइल खर्च, गुण पाच.

त्याच तीन टाइलच्या खर्चात हे बघा:

का पू स
च र ण

'चरण' बरोबर 'कापूस'च्या खाली लावलं. आडवा शब्द चरण. उभे शब्द काच, पूर, सण. नवव्या ओळीतलं सातवं आणि नववं घर दुप्पट अक्षराचं, म्हणून च चे 4 आणि ण चेही 4, आणि ते आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत धरायचे.

चरण 4+1+4 = 9. काच 1+4 = 5. पूर 2+1 = 3. सण 1+4 = 5. एकूण 22.

खर्च तेवढाच, गुण चौपटीहून जास्त. शिवाय ण सारखी अवघड टाइल पट्टीवरून गेली आणि व, ल, त, ग हाताशी राहिले.

ही खेळी लावताना क्रम चुकवू नका. टाइल आधी मात्रा न लिहिता ठेवा. मग प्रत्येक उभा शब्द वरून खाली मोठ्याने वाचा: काच, पूर, सण. सगळे बसले तरच मार्कर उचला. घाईने मात्रा आधी लिहिली आणि मग एक उभा शब्द अडला की सगळी खेळी मागे घ्यावी लागते आणि पाळी जाते. नवख्यांच्या सर्वाधिक पाळ्या इथेच वाया जातात.

दुसरी चूक ऱ्हस्व-दीर्घाची. 'कापूस'मधला पू दीर्घ आहे म्हणून 'पूर' जमलं. तिथे ऱ्हस्व पु असता तर 'पुडी' किंवा 'पुढे' जमलं असतं, 'पूर' नाही. 1962 पासून चालत आलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतले दोन इथे रोज लागतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: वाटी, चाकू. अपवाद 'आणि', 'नि' अशा मोजक्यांचा. आणि शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: मीठ, पूल, दूध. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ऱ्हस्व राहतात: गुण, सुख, विष, युग. म्हणून 'सुख'च्या सु वरून 'सूर' निघत नाही, आणि 'विष'च्या वि वरून 'विडा', 'विमा', 'विळा' निघतात, 'वीट' नाही.

उघडा शब्द, बंद शब्द

इंग्रजीत बहुतेक शब्दांच्या मागे एस लावून अनेकवचन करता येतं. मराठीत 'घर'चं 'घरे' करायला शेवटची मात्रा बदलावी लागते, आणि ती तर बांधलेली. विभक्ती लावायची तरी 'घराला' होतं, 'घरला' नाही. म्हणजे 'घर' एका टाइलने मागे वाढवणं फार अवघड. पण सगळे शब्द असे नाहीत.

सर्वांत बंद शब्द म्हणजे मीठ, गूळ, दूध, तूप. यांचं रूप बदलताना शेवटचं अक्षर बदलतं आणि आधीचा दीर्घही ऱ्हस्व होतो: मिठाला, गुळाने, दुधात. दोन कुलपं. तिप्पट शब्दाच्या घराजवळ काही टाकायचंच असेल तर असा शब्द टाका.

ई-कारान्त आणि ऊ-कारान्त शब्द उघडे. नदी: नदीत, नदीला, नदीने. चाकू: चाकूने, चाकूला. नात्याचे शब्दही तसेच: मामाला, मामाने, मामाचा. 'आहे' आणि 'नको' निरुपद्रवी दिसतात, पण आहेत, आहेस, नकोत, नकोस सहज होतात. त आणि स तर सगळ्यांकडे असतात.

सर्वांत धोक्याचे म्हणजे क्रियापदांचे धातू. बस, कर, धर, बघ, चल यांच्यामागे ला, ली, ले, तो, ती, ते, णे यांपैकी काही ना काही लागतंच. नाम म्हणून टाकलेला शब्द धातूही असतो हे बरेचदा लक्षात येत नाही: वाट, बोल, खेळ, नाच, वाढ, ओढ. तुम्ही रस्ता या अर्थाने 'वाट' लावता आणि समोरचा 'वाटणे' किंवा 'वाटप' करून तुमचे गुण पुन्हा मोजून घेतो.

पुढची बाजूही बघा. शब्दाच्या डोक्यावर एक टाइल बसते का? 'मान' टाकलं की कमान, समान, सामान, विमान, इमान इतकी दारं उघडतात. 'रण'चं मरण, चरण, हरण, शरण होतं. वरच्या खेळीतलं 'चरण'ही पुढून उघडं आहे, समोरच्याकडे स्वराची टाइल असेल तर 'आचरण' होतं. आणि 'ऊस' मागून कितीही बंद असला तरी पुढे 'पा' बसला की 'पाऊस'. जो शब्द टाकायचा त्याच्या दोन्ही टोकांवर मनातल्या मनात र, स, त, क, आ ठेवून बघायची सवय लावा. दहा सेकंदांचं काम आहे.

मार्ग नसेल आणि उघडाच शब्द टाकावा लागत असेल तर मोकळं टोक पटाच्या काठाला टेकवा. काठाशी संपलेल्या 'नदी'ला कुणी 'त' लावू शकत नाही.

ण आणि ळ: ओझं की कुलूप

मराठी शब्द ण ने किंवा ळ ने सुरू होत नाही. म्हणून पट्टीवर यांच्या जोड्या आल्या की खेळाडू वैतागतो. तेच दुसऱ्या बाजूने बघा. आडव्या शब्दात ळ असेल आणि त्याच्या वरचं घर रिकामं असेल, तर त्याच्या थेट खाली कुणालाही काही लावता येत नाही, कारण ळ पासून खाली वाचायला शब्दच नाही. वरून आधी एक टाइल बसवावी लागते.

'केळी' आडवं लावलं तर ळी च्या खालची बाजू बंद, वरची बाजू मात्र सताड उघडी: पोळी, होळी, गोळी, कळी, नळी, जाळी, माळी. म्हणून असा शब्द लावताना मोठ्या गुणांचं घर खालच्या बाजूला येईल अशी ओळ निवडा. हलन्ताची, म्हणजे अर्ध्या व्यंजनाची टाइलही अशीच भिंत. 'रस्ता'मधल्या स् च्या खाली एका टाइलने 'स्व'सारखा एखादाच शब्द निघतो, वरून येणारा शब्द त्याच्यावर संपूच शकत नाही.

पट्टीवर ण साठला असेल तर तो खपवायचे रस्ते दोन. छोटा: सण, पण, कण, घण, पाणी, लोणी, वेणी, गाणे. मोठा: पटावरच्या धातूमागे 'णे'. दोन ण आणि दोन ळ एकदम आले, आणि दोन अक्षरी जागा दिसत नसेल, तर हट्ट न धरता टाइल बदलून घ्या. पिशवीत सात किंवा जास्त टाइल असेपर्यंतच बदल करता येतो.

आठ गुणांच्या टाइल

ढ, छ, ष, फ मोठ्या शब्दासाठी राखून ठेवणं ही बहुतेकांची खोड. त्या दोन अक्षरांतच जास्त देतात, कारण तिप्पट अक्षराच्या घरात बसवून दोन दिशांनी मोजता येतात. पटावर तिप्पट अक्षराची घरं बारा असतात.

समजा 'हवा' असा लावलेला आहे की वा च्या खालचं घर तिप्पट अक्षराचं आहे. तिथे ढ ठेवा आणि त्याच्या उजवीकडे ग. उभा शब्द 'वाढ' 1+24 = 25, आडवा 'ढग' 24+3 = 27. दोन टाइलमध्ये 52, सातही टाइल लावण्याच्या बक्षिसापेक्षा दोन जास्त. 'वाढ' हा धातू आहे, खाली 'वाढते' किंवा 'वाढला' होईल. होऊ द्या. घराची तिप्पट एकदाच मोजतात, समोरच्याला ढ चे आठच मिळतात.

या चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. ढ दोन्हीकडे चालतो: ढग, ढोल, ढाल, ढेप पुढून, ओढ, वाढ, गाढ मागून, आणि मधे अडकला तर गढी, कढी, पेढा, वेढा. सरकीची ढेप जळगावकडे रोजच्या बोलण्यात आहे, तरी पट्टीवर ढ आला की हा शब्द कुणाला आठवत नाही. फ सुद्धा दोन्हीकडचा: फळ, फार, फणी, आणि वाफ, माफ, साफ, कफ. छ जवळजवळ नेहमी डोक्यावर: छत, छान, छाप, छळ, छडी, छटा. म्हणून त्याला वर मोकळं घर असलेली जागा लागते. ष उलटा, तो बहुधा शेपटीलाच बसतो: विष, दोष, रोष, घोष, वेष, मेष. हातात ष असेल तर पटावर वि, दो, रो, घो, वे, मे कुठे आहेत ते आधी शोधा. 'वेळ' आडवं दिसलं की वे च्या खाली ष, झालं 'वेष'.

कोरी टाइल दोन अक्षरी शब्दात घालवायची असेल तर त्या खेळीने निदान पंचवीस-तीस गुण जास्त मिळायला हवेत. त्यापेक्षा कमी असेल तर ती सात टाइलच्या शब्दासाठी ठेवलेली बरी.

यादी कशी पाठ करायची

वर्णानुक्रमाने पाठ केलेली यादी पटावर आठवत नाही. समांतर खेळीत, म्हणजे 'कापूस'खाली 'चरण' लावलं तशा खेळीत, प्रश्न असा पडतो: वर 'का' आहे, खाली काय बसेल? म्हणून यादीही तशीच करा. वहीच्या एका पानावर एक मात्रेसकट अक्षर, आणि त्याच्यामागे बसणाऱ्या टाइल. का: म, ळ, न, य, च, ठ, ज, स, त. पू: र, ल, ड, त. ऊ: न, स, ब, र, त, ठ. मी: ठ, न. यावरून हेही कळतं की 'का' मोकळा ठेवला तर समोरच्याला निदान नऊ वाटा आहेत आणि 'मी' ठेवला तर दोनच.

शब्द मान्य की अमान्य याचा निवाडा एकाच कोशावर सोपवा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही नेटवर फुकट शोधता येतात. पण दोन्ही जुन्या लेखनाचे आहेत, त्यांत 'केळें', 'तळें' असे अनुस्वार दिसतील. आज आपण 'केळे' लिहितो किंवा 'केळं', दोन्ही चालवा.

अहिराणी घ्यायची का?

खान्देशातल्या घरात हा प्रश्न येणारच, आणि घ्यावी असंच आमचं मत आहे. अठे, तठे, कठे (इथे, तिथे, कुठे) या तीन शब्दांनी पाच गुणांच्या ठ ला तीन नवीन जागा मिळतात, आणि तिन्ही मागून बंद आहेत. मना, मनी, तुना, तुनी (माझा, माझी, तुझा, तुझी) रोजचे. आंडोर, आंडेर (मुलगा, मुलगी) तीन टाइलचे. फक्त एक अट ठेवा: शब्द अहिराणी चालेल, पण मराठी शब्दाचा बोलीतला उच्चार चालणार नाही. 'पाणी'चं 'पानी', 'डोळा'चं 'डोया', 'काळा'चं 'काया' मान्य केलं तर ण आणि ळ च्या जागी न आणि य सरसकट चालतील, आणि वर सांगितलेली सगळी कुलपं एका फटक्यात निघतील. एकच शब्द गावागणिक वेगळा बोलला जातो, म्हणून वीस-पंचवीस शब्द डावाआधी कागदावर लिहून तो कागद पटाशेजारी ठेवा. कागदावर नसलेला शब्द त्या दिवशी नाही.

टाइल आणि मार्कर

टाइल 2.2 सेंटिमीटरच्या आणि पटाची घरं 2.5 ची केली की दोन टाइलमध्ये उचलण्यापुरती फट राहते. पुठ्ठा 3 मिलिमीटरचा घ्या. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर डाव मांडला की नुसत्या कागदाच्या टाइल उडून जातात. वरून लॅमिनेशन किंवा रुंद पारदर्शक चिकटपट्टी. मार्कर व्हाइटबोर्डचाच हवा, आणि दर वेळी टोपण लावा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडा राहिलेला मार्कर डावही पुरवत नाही. डाव संपल्यावर लगेच सुक्या सुती फडक्याने पुसा. शाई वाळून बसलीच तर तिच्यावरून त्याच मार्करने पुन्हा गिरवा आणि ओली असतानाच पुसा, दोन्ही निघतात.

पिशवी रिकामी झाल्यावर

शेवटी हातात उरलेल्या टाइलचे गुण वजा होतात, म्हणून पिशवीत दहाएक टाइल राहिल्या की आठ आणि पाच गुणांच्या टाइल पट्टीवर ठेवू नका, कमी गुण मिळाले तरी टाका. स्वराची एक टाइल आणि एक त किंवा स राखून ठेवा. आत, ऊत, आस, ऊस यांना कुठेतरी जागा निघतेच, आणि 'आहे', 'नको' पटावर उघडे असतील तर एकट्या त नेही काम होतं.

पटावर कोणत्या मोठ्या टाइल आल्या ते बाजूला लिहीत चला. ष अजून दिसला नसेल आणि पिशवी रिकामी असेल, तर तो समोरच्याच्या पट्टीवर आहे. अशा वेळी वि, दो, रो, वे यांच्या खालची घरं एकेक टाइलने बुजवा: दो खाली र, रो खाली ज, वे खाली ळ किंवा ड. दोन-तीन गुणांची खेळी वाटते, पण ष त्याच्याकडेच अडकला तर आठ वजा होतात.